पगारी पंच आणि खेळाडू-कामगार

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एखाद्या गिरणीच्या मालकाने असे जाहीर केले की, यापुढे मालक व कामगार यांच्यातील सर्व तंटे एक तटस्थ गृहस्थ सोडवील. त्याची नेमणूक मालक करतील, त्याचा पगार मालक देतील, त्याची मुदत वाढवावयाची की नाही हेही मालकच ठरवतील, कामगारांनी मात्र त्याचा निर्णय अंतिम मानावा. तर गिरणगावातला साधा बदली कामगारसुद्धा या प्रस्तावाला हसल्याशिवाय राहणार नाही. परंतु अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये नेमकी हीच व्यवस्था शंभराहून अधिक वर्षे नांदत आली आहे. तिला तेथे 'आयुक्तपद' असे भारदस्त नाव आहे. खेळाचे हित, खेळाची प्रतिष्ठा आणि खेळाचे पावित्र्य यांचा रक्षक म्हणून हा आयुक्त मिरवत असतो.

लाखो डॉलर मिळविणाऱ्या खेळाडूंची चिंता समाजवाद्यांनी कशासाठी करावी, असा आक्षेप येथे घेतला जातो. त्याला उत्तर दिले पाहिजे. मजुरी किती मिळते यावरून मालक-मजूर हा संबंध ठरत नाही. आपले श्रम कोठे व कोणाला विकावेत हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि त्या श्रमातून निर्माण झालेल्या मूल्याची वाटणी कोण करतो, यावरून तो ठरतो. शिवाय या क्षेत्रात उत्पादन प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर होते आणि प्रत्येकाच्या कामगिरीची आकडेवारी रोजच्या रोज छापली जाते. कामगाराने किती निर्माण केले आणि त्याला किती मिळाले हे इतक्या उघडपणे क्वचितच कोठे तपासता येते. म्हणून हा इतिहास केवळ क्रीडारसिकांचा नाही. तो श्रमाच्या अर्थशास्त्राचा एक धडा आहे.

१८७६ साली अमेरिकेत नॅशनल लीगची स्थापना झाली. पुढे तीनच वर्षांत, १८७९ साली, संघमालकांनी आपसांत एक गुप्त समझोता केला. प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू 'राखीव' म्हणून जाहीर करावेत आणि इतर मालकांनी त्यांना हात लावू नये, असा तो समझोता होता. हळूहळू पाचांचे सर्व झाले आणि समझोत्याचे कलम प्रत्येक करारनाम्यात छापले जाऊ लागले. खेळाडूने एकदा सही केली की तो त्या मालकाला कायमचा बांधला गेला. मालकाला वाटेल तेव्हा त्याला विकता येई, दुसऱ्या खेळाडूच्या बदल्यात देता येई, काढूनही टाकता येई. खेळाडूला मात्र एकच स्वातंत्र्य होते: खेळणे सोडून देण्याचे.

याविरुद्ध पहिला आवाज उठविला तो जॉन माँटगोमेरी वॉर्ड या खेळाडूने. तो कायद्याचा पदवीधर होता. १८८५ साली त्याने खेळाडूंची पहिली संघटना उभारली आणि १८८७ साली बेसबॉलचा खेळाडू ही जंगम मालमत्ता आहे काय, असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला. १८९० साली खेळाडूंनी स्वतःची लीगच काढली. तीत राखीव कलम नव्हते आणि नफ्यात खेळाडूंचा वाटा होता. ही लीग एकच हंगाम चालली. तिला भांडवल पुरविणाऱ्यांनी जुन्या मालकांशी परस्पर तह केला आणि खेळाडू उघड्यावर पडले. सहकाराचा प्रयोग दुसऱ्याच्या पैशावर उभा केला की तो पैसेवाल्याच्या मर्जीनेच संपतो, हा अनुभव अमेरिकन खेळाडूंना एकोणिसाव्या शतकातच आला.

अर्थशास्त्रात विक्रेत्याच्या मक्तेदारीइतकीच खरेदीदाराची मक्तेदारीही महत्त्वाची आहे. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली तिची पद्धतशीर मांडणी केली. श्रमाचा खरेदीदार एकच असेल तर मजुराला त्याच्या सीमांत उत्पादनाच्या मूल्यापेक्षा कमी मजुरी मिळते, आणि या फरकालाच त्या परंपरेत शोषण असे म्हटले जाते. राखीव कलमाने प्रत्येक खेळाडूपुरती अशी मक्तेदारी निर्माण केली होती. मालकांचा बचाव असा होता की, कलम काढले तर धनाढ्य शहरांचे संघ सारे उत्तम खेळाडू पळवतील आणि स्पर्धेतील समतोल नष्ट होईल. सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली या बचावाची चिकित्सा केली. खेळाडूला जेथे अधिक मूल्य आहे तेथे तो कलम असले तरी जाणारच. फरक इतकाच की त्याच्या जाण्याची किंमत त्याच्या खिशात पडण्याऐवजी मालकाच्या खिशात पडेल. बोस्टनच्या मालकाने बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजला एक लाख डॉलरला विकले ते याच कलमाच्या राज्यात. आणि १९२१ ते १९६४ या ४४ वर्षांत यांकीज संघ आपल्या लीगमध्ये २९ वेळा अव्वल आला, तोही याच समतोलाच्या राज्यात!

आता आयुक्तपदाच्या जन्माकडे वळू. १९१५ साली फेडरल लीग नावाच्या प्रतिस्पर्धी लीगने जुन्या लीगांविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. तो शिकागोच्या केनेसॉ माउंटन लँडिस या संघीय न्यायाधीशासमोर आला. याच न्यायाधीशाने १९०७ साली स्टँडर्ड ऑइल कंपनीला सुमारे २ कोटी ९२ लाख डॉलर दंड ठोठावून मक्तेदारीचा कर्दनकाळ अशी ख्याती मिळविली होती. तो दंड पुढे अपिलात रद्द झाला. परंतु बेसबॉलच्या मक्तेदारीचा दावा समोर आला तेव्हा त्याने निकालच दिला नाही. वर्ष उलटत आले, फेडरल लीगची दमछाक झाली आणि तिने तडजोड केली. १९२० साली जुन्या मालकांनी आयुक्त म्हणून निवडले ते याच लँडिस यांना.

त्यांची आणखी एक ओळख समाजवाद्यांनी विसरू नये. १९१८ साली 'बिग बिल' हेवूड व त्यांच्या अनेक कामगार सहकाऱ्यांना युद्धविरोधाबद्दल दीर्घ मुदतीच्या शिक्षा देणारे न्यायाधीश लँडिसच. मिलवॉकीचे समाजवादी नेते व्हिक्टर बर्जर यांना १९१९ साली वीस वर्षांची शिक्षा देणारेही तेच. ती शिक्षा १९२१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पूर्वग्रहाचा आरोप प्रतिज्ञापत्रावर झाल्यानंतर लँडिस यांनी त्या खटल्यातून दूर व्हावयास हवे होते, असे कारण न्यायालयाने दिले. तेव्हा ज्यांच्या तटस्थतेविषयी देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाच शंका घ्यावी लागली, ते गृहस्थ खेळाच्या तटस्थतेचे मूर्तिमंत प्रतीक ठरले.

निमित्त होते १९१९ च्या अंतिम मालिकेतील लाचखोरीचे. शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर जुगाऱ्यांशी संधान बांधल्याचा आरोप आला. १९२१ साली ज्यूरीने खटल्यात उभ्या असलेल्यांना निर्दोष ठरविले. दुसऱ्याच दिवशी लँडिस यांनी आठही जणांना जन्मभरासाठी बाद केले. त्यांतील काहींचा अपराध खरा होता यात संशय नाही. प्रश्न वेगळा आहे. जेथे न्यायालयाच्या निकालाला किंमत नाही आणि अपिलाची सोय नाही, तेथे शिक्षा झालेल्याला दुसरी नोकरीही मिळत नाही. कारण सारे मालक एकाच करारात आहेत. लँडिस यांनी काही प्रसंगी मालकांनाही चाप लावला. १९३८ साली सेंट लुईस कार्डिनल्सने कनिष्ठ लीगांत अडकवून ठेवलेल्या सत्तरहून अधिक खेळाडूंना त्यांनी मोकळे केले, हे मान्य केले पाहिजे. परंतु १९४४ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत एकाही कृष्णवर्णी खेळाडूला प्रमुख लीगांत पाऊल टाकता आले नाही, आणि त्यांनी खेळाच्या हिताचा आपला सर्वाधिकार त्या कामी कधी वापरला नाही. जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला तो १९४७ साली.

न्यायालयांनी काय केले? फेडरल लीगच्या तडजोडीतून वगळल्या गेलेल्या बाल्टिमोरच्या संघाने दावा पुढे नेला. १९२२ साली न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला की, बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे. म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच निकाल कायम ठेवला. मुष्टियुद्ध आणि फुटबॉल यांना मात्र त्याच न्यायालयाने पुढील चार वर्षांत कायद्याच्या कक्षेत आणले. एकाच प्रकारच्या धंद्यांना दोन न्याय लागले.

या भिंतीवर डोके आपटण्याचे धैर्य कर्ट फ्लड याने दाखविले. सेंट लुईसचा हा कृष्णवर्णी खेळाडू आपल्या स्थानावरील उत्कृष्ट क्षेत्ररक्षक मानला जाई आणि त्याला वर्षाला ९० हजार डॉलर मिळत. ऑक्टोबर १९६९ मध्ये बारा वर्षांच्या सेवेनंतर त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले. त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने आयुक्त बोवी क्यून यांना पत्र लिहिले. आपण इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री व्हावी अशी वस्तू नाही, असे त्याने त्यात स्पष्ट कळविले. क्यून यांनी माणूस विकाऊ नाही हे तत्त्व मान्य केले आणि करारनाम्यातील कलमाकडे बोट दाखविले. फ्लडने दावा लावला. माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांनी त्याची बाजू मांडली. जॅकी रॉबिन्सन यांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली. परंतु तेव्हा खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात फिरकला नाही. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडचा दावा फेटाळला. बेसबॉलची सवलत ही विसंगती आहे हे न्यायालयाने कबूल केले आणि ती दूर करण्याचे काम संसदेवर ढकलले. फ्लडची कारकीर्द तोवर संपली होती.

न्यायालयात हरलेली लढाई संघटनेने जिंकली. १९६६ साली खेळाडूंच्या युनियनने मार्विन मिलर यांना प्रमुख नेमले. मिलर हे पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये अर्थतज्ज्ञ म्हणून काम केलेले गृहस्थ. त्यांनी खेळाडूंना प्रथम एकच गोष्ट शिकविली: तुम्ही कलावंत असाल, नायक असाल, पण तुम्ही कामगार आहात. १९६८ साली पहिला सामुदायिक करार झाला आणि किमान वेतन ६ हजारांवरून १० हजार डॉलरवर गेले. १९७० च्या करारात याहून मोलाची गोष्ट मिळाली. करारनाम्याच्या अर्थाविषयीचे तंटे यापुढे आयुक्ताकडे न जाता दोन्ही बाजूंना मान्य अशा लवादाकडे जाणार होते. वेतनवाढीच्या मानाने हे कलम किरकोळ भासले असेल. पण मालकांच्या पगारी पंचाच्या हातून न्यायनिवाडा काढून घेणारे कलम तेच होते.

त्याचे फळ १९७५ साली मिळाले. करारनाम्यात असे लिहिले होते की, खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही तर मालकाला त्याच अटींवर करार एक वर्षाने वाढविता येईल. मालकांचे म्हणणे असे की, वाढविलेल्या करारात वाढीचे कलमही आलेच. म्हणून पुन्हा एक वर्ष, पुन्हा एक वर्ष, असे आमरण. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांनी सही न करता ते एक वर्ष काढले आणि लवादाकडे धाव घेतली. लवाद पीटर साइट्झ यांनी दोन्ही बाजूंना आधी आपसांत समेट करण्याचा सल्ला दिला. मालकांनी तो मानला नाही. २३ डिसेंबर १९७५ रोजी साइट्झ यांनी निर्णय दिला की, एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी तत्काळ साइट्झ यांना कामावरून दूर केले आणि न्यायालयात दाद मागितली. तेथेही ते हरले. सुमारे शंभर वर्षांची वेठ 'एक' या शब्दाच्या सरळ अर्थाने मोडली.

यानंतरचे मिलर यांचे धोरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासण्याजोगे आहे. ओकलंडचे मालक चार्ल्स फिन्ली यांनी सुचविले की, दरवर्षी सर्वच खेळाडूंना मोकळे करून टाका. मिलर यांना नेमकी हीच भीती होती. कारण एकाच वेळी शेकडो खेळाडू बाजारात आले असते तर भाव कोसळले असते. मालकांनी फिन्लींचे ऐकले नाही. १९७६ च्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर मोकळीक असे ठरले. पुरवठा मर्यादित राहिला आणि वेतने चढली. १९७६ साली सुमारे ५१ हजार डॉलर असलेले सरासरी वेतन १९९२ पर्यंत दहा लाखांच्या वर गेले. मालकही बुडाले नाहीत. संघांच्या किमती वाढतच राहिल्या.

मग आयुक्ताचे काय झाले? १९७६ साली फिन्ली यांनी आपले तीन खेळाडू ३५ लाख डॉलरला विकले, तेव्हा क्यून यांनी खेळाच्या हिताच्या नावाखाली तो व्यवहार रद्द केला आणि न्यायालयाने तो अधिकार उचलून धरला. म्हणजे आयुक्त एखाद्या मालकाला रोखू शकतो. परंतु मालकवर्गाला तो रोखू शकत नाही. एखाद्या भांडवलदाराला शिस्त लावणे आणि भांडवलशाहीला शिस्त लावणे यांत जो फरक आहे तोच येथे आहे. १९८१ सालचा पन्नास दिवसांचा संप झाला, सातशेहून अधिक सामने बुडाले. त्यानंतर मालकांनी क्यून यांची मुदत वाढविली नाही. पीटर युबेरॉथ आले. त्यांच्या कारकिर्दीत १९८५ पासून सलग तीन वर्षे मालकांनी परस्परांच्या मोकळ्या खेळाडूंना बोली लावावयाची नाही असे संगनमत केले. १९८७ साली आंद्रे डॉसन या नामांकित खेळाडूला शिकागो कब्जसमोर कोरा करारनामा ठेवून, हवा तो आकडा भरा, असे म्हणावे लागले. लवादांनी संगनमत सिद्ध मानले आणि १९९० साली मालकांना २८ कोटी डॉलर भरपाई मान्य करावी लागली. खेळाच्या हिताचा रक्षक त्या तीन वर्षांत खेळाडूंच्या हिताच्या बाजूला उभा राहिलेला कोणी पाहिला नाही.

पुढे आयुक्त झालेल्या फे व्हिन्सेंट यांनी १९९० च्या टाळेबंदीत मध्यस्थी केली. ती मालकांना रुचली नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये मालकांनी १८ विरुद्ध ९ मतांनी त्यांच्यावर अविश्वास दाखविला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी हंगामी कारभार आला तो मिलवॉकी ब्रुअर्सचे मालक बड सेलिग यांच्याकडे. मालकांचा नोकर जाऊन खुद्द मालकच पंचाच्या खुर्चीत बसला. दोनच वर्षांत मालकांनी वेतनावर कमाल मर्यादा घालण्याचा हट्ट धरला. खेळाडूंनी २३२ दिवसांचा संप केला आणि १९९४ सालची अंतिम मालिका रद्द झाली. ३१ मार्च १९९५ रोजी सोनिया सोटोमायोर या न्यायाधीशांनी मालकांना जुन्या करारातील अटी पाळण्याचा मनाई हुकूम दिल्यावर संप मिटला. सेलिग १९९८ साली रीतसर आयुक्त झाले. २०१५ साली त्यांच्या जागी आलेले रॉब मॅनफ्रेड हे मालकांच्या वतीने कामगारविषयक वाटाघाटी करणारे वकील होते. २०२१-२२ ची ९९ दिवसांची टाळेबंदी त्यांच्याच कारकिर्दीतली.

येथपर्यंतची कथा खेळाडूंच्या विजयाची आहे. तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वरच्या लीगमधील खेळाडूंनी जे मिळविले ते खालच्या हजारो खेळाडूंना दशकानुदशके मिळाले नाही, आणि युनियनने त्यांच्याकडे पाठ फिरविली होती. १९९८ साली संसदेने फ्लडच्या नावाचा कायदा केला. तेव्हा फ्लडला मृत्यू येऊन वर्ष उलटले होते. त्या कायद्याने वरच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी संरक्षण दिले आणि कनिष्ठ लीगांना स्पष्टपणे वगळले. २०१८ साली आणखी एक कायदा झाला. हंगामात आठवड्याला चाळीस तासांचे किमान वेतन दिले की पुरे, जादा तासांची जबाबदारी मालकांवर नाही, अशी सोय त्याने केली. अखेर २०२२ साली कनिष्ठ लीगांतील खेळाडू युनियनमध्ये आले. २०२३ च्या पहिल्याच करारात सर्वांत खालच्या पायरीवरील वार्षिक वेतन ४,८०० वरून १९,८०० डॉलरवर गेले. जी वाढ मालकांना अशक्य वाटत होती ती संघटनेच्या एका वर्षात शक्य झाली.

मालक हा खेळाला अपरिहार्य आहे काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. अमेरिकन फुटबॉलमधील ग्रीन बे पॅकर्स हा संघ १९२३ पासून नफा न वाटणारी सार्वजनिक संस्था आहे. त्याचे भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत, कोणालाही लाभांश मिळत नाही, आणि सुमारे लाखभर वस्तीच्या गावात हा संघ यशस्वीपणे चालतो. त्या लीगच्या नियमांनी मात्र असा दुसरा संघ निघण्याचा मार्ग बंद केला आहे. प्रयोग फसला असता तर नियमाची गरज भासली नसती.

हे सारे दूरदेशीचे नाही. २००८ साली आपल्याकडे इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली ती अमेरिकन नमुन्यावरच. तिच्या पहिल्या प्रमुखांनी पदनामही 'अध्यक्ष व आयुक्त' असेच घेतले होते. नियामक मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना संघाची मालकी घेऊ देणारी दुरुस्ती त्याच वर्षी झाली. ती रद्द करावयास जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला यावे लागले. खेळाडू लिलावात उभा राहतो. कोणत्या संघात जावयाचे हे तो ठरवीत नाही. संघांच्या वेतनखर्चाला कमाल मर्यादा आहे. २०२५ च्या हंगामापासून, निवड झाल्यावर सबळ कारणावाचून माघार घेणाऱ्याला दोन हंगामांची बंदी आहे. हे सर्व नियम एकाच बाजूने केलेले आहेत. २०१९ साली क्रिकेटपटूंची जी संघटना मान्य झाली ती निवृत्त खेळाडूंची. जो आज खेळतो आहे, विशेषतः ज्याच्यावर कोणी बोलीच लावली नाही असा जिल्ह्या-तालुक्यातून आलेला रणजी खेळाडू, त्याच्या वतीने वाटाघाटीला बसणारे कोणी नाही.

अमेरिकेतील खेळाडूंना जे मिळाले ते उदार आयुक्तामुळे मिळाले नाही, न्यायालयामुळेही फारसे मिळाले नाही. दोन्ही बाजूंना मान्य असा लवाद आणि सामुदायिक करार करणारी युनियन यांच्या बळावर ते मिळाले. म्हणून आपली मागणीही नेमकी असली पाहिजे. खेळत्या खेळाडूंच्या युनियनला मान्यता, वेतन व करार यांविषयी सामुदायिक वाटाघाटी, आणि तंट्यांसाठी मंडळाने एकतर्फी न नेमलेला लवाद. या तिन्ही गोष्टींचा लाभ लिलावातल्या कोट्यधीशाआधी रणजीच्या राखीव बाकावर बसलेल्या मुलाला झाला पाहिजे. वरून सुरुवात केली की खालच्याची पाळी यावयास अर्धे शतक लागते, हे अमेरिकेने दाखवून दिले आहे.